दवाखान्यातली इहीन

"सुभद्रे, हात सैल सोड. हा तुझा हात हाय का खुरप्याचा दांडा?"

"सोडलाय की मामा."

"सोडलेला हात मला कळत नाय व्हय?"

तेवढ्यात हिरवी बांगडी कट्‌कन वाढली. आमच्यात बांगडी फुटली म्हनत नाय, वाढली म्हनतात. मी काचा गोळा करून फडक्यात बांधल्या आन तिच्या तोंडाकडं बघितलं. तिनं पदर पुढं ओढला.

मी कासार. शाळेत मास्तरनं कान पिरगाळला त्या दिवशी शाळा जी सोडली ती सोडलीच, आन बापाच्या पेटीला हात लावला. पन हाताचं मला कळतं. परक्या बाईचा हात धरायची मुभा गावात दोघांनाच, डाक्टरला आन कासाराला. डाक्टर नाडी बघून सोडून देतो. मी बांगडी वर जाईस्तोवर धरून बसतो. बाई भ्यालेली असली की अंगठ्याच्या बुडाची गादी दगड व्हती, बांगडी तिथंच अडती. गादी मऊ पडली की तीच बांगडी पान्यावानी वर सरकती.

सुभद्राचा लगीनचुडा मीच भरलेला. आता तिच्या लेकीचं, मोनिकाचं लगीन ठरलं व्हतं, खालच्या गावच्या नवल्यांच्यात. आठवड्यावर बस्ता आलेला. अशा दिवसांत बाईचा हात कसा लोन्यावानी पायजे. आन हिचा दगड.

"काय झालंय गं?"

ती बोलायच्या आधी भिंतीवरनं ठकूबाईचं मुंडकं वर आलं. ठकूबाई म्हंजी शेजारीन. घरात ती आन तिचा म्हातारा, तिसरं कोन नाय. त्यामुळं तिचा सगळा जीव दुसऱ्याच्या घरात.

"मामा, हिचं तोंड जरा उजेडात बघा बरं. तुमाला रंगाचं कळतं."

"काय बघू?"

"डाग. पांढरा. कॅम्पात नर्सबाईनं सांगितलं हिला. मी माझ्या कानानं ऐकलं." आन भिंतीवरनं एक बाटली पुढं केली. "मी काय वाईटावर नाय बाई तुझ्या. हे बावचीचं तेल. माझ्या मावशीचं कोड ह्यानंच थांबलं. रोज चोळ. लगीन तोंडावर आलंय, आन डाग बी तोंडावरच."

सुभद्रानं बाटली घेतली. "बरं," म्हनली. ठकूबाई गेली.

मी तिचं तोंड नीट बघितलं. सावळं, नितळ. "डाग कुठाय? मला तर काय दिसंना."

"हाय मामा." ती खाली बघत म्हनली. "पन तोंडावर नाय. पिशवीच्या तोंडावर."

मंग तिनं सांगितलं. उपकेंद्रात बायकांच्या कॅन्सरच्या तपासनीचा कॅम्प झाला व्हता. आशा वर्कर निर्मलानं घरोघरी फिरून बाया गोळा केलेल्या. पडद्याआड नर्सबाईनं औषधाचा बोळा लावला, जरा थांबली, आन म्हनली, ताई, पिशवीच्या तोंडावर पांढरा डाग दिसतोय. पडद्याच्या भायेर ठकूबाई उभी. पिशवी पडद्याआडच राहिली, तोंडावरचा डाग तेवढा भायेर आला. संध्याकाळपातुर गावात झालं, सुभद्राला कोड फुटलं.

"मंग सांगून टाक की लोकास्नी, कोड नाय म्हनून."

"आन काय हाय म्हनून सांगू? कोड म्हनलं तर पोरीचं लगीन मोडतंय. कॅन्सरच्या तपासनीत निघालंय म्हनलं तर त्याहून आधी मोडतंय."

"कॅन्सर हाय म्हनली का नर्सबाई?"

"नाय म्हनली. म्हनली, डाग म्हंजी कॅन्सर नव्हं, पन तसाच ठिवला तर पुढं बिघडू शकतो. मोठ्या दवाखान्यात जा, दुर्बिनीतनं बघतील, लागला तर तिथंच शेक देतील. संध्याकाळी घरी."

"मंग गेली का नाय?"

"स्टँडापातुर गेले की. ठकूबाई भेटली. आख्ख्या स्टँडासमोर इचारती, डागाचं दाखवायला चालली का? सगळ्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं मामा. एसटी आली, एसटी गेली. मी घरी आले. निर्मला येती बोलवायला, मी आतनं कडी लावते." तिनं बावचीची बाटली कोनाड्यात ठिवली. "लगीन झाल्यावर जाते."

मी तिचा हात परत धरला. "लगीन झालं की मांडवपरतनी. मंग धोंड्याचा महिना, जावयाला बोलवायचं. मंग पोरीचं डोहाळजेवान. मंग बाळंतपन. सुभद्रे, हात धरून धरून म्हातारा झालो मी. बाईला सवड झालेली मी अजून बघितली नाय."

ती कोनाड्यातल्या बाटलीकडं बघाय लागली.

"बस्त्याला तालुक्यालाच जायचंय का नाय?"

"जायचंय."

"मी बी हाय. चुड्याचा रंग शालूशी जुळवायला कासार लागतोच. बाप्ये मानपानाच्या लुगड्यांवर वाद घालत बसतील. तेवढ्यात मी म्हननार, पोरीच्या आईला ठोक दुकानात चुडा दाखवून आनतो. निर्मलाला सांगतो दवाखान्यात थांब म्हनून. शेक घ्यायचा, परत यायचं, शालूवर हात ठिवायचा. कोनाला पत्ता नाय."

ती म्हनली, "मामा, बांगड्या भरा." हात तसाच कडक व्हता. पन पुढं केला व्हता.

बस्त्याच्या दिवशी दोन गाड्या भरून मानसं तालुक्याला गेली. कापडाच्या दुकानात पांढऱ्या गाद्यांवर सगळी बसली. इहीनबाई, म्हंजी पोराची आई कलाबाई नवले, मधोमध. अंगानं थोराड, आवाज असा की दुकानदार ताग्याच्या मागं सरकला. मोनिका एका कडंला मान खाली घालून. नवरीला आपल्या बस्त्यात कोन इचारतंय?

मला वाटलं शालूपासनं सुरुवात व्हईल. पन कलाबाईनं पयला हुकूम सोडला, "इहीनबाईला लुगडं बघू आधी."

सुभद्रा दचकली. "माझं काय, मागनं बघू."

"नाय नाय. पोरीच्या आईचा मान पयला. शेठ, ती अबोली काढा. इहीनबाई, जरा गालापाशी धरा. असं नव्हं, दाराकडं या, उजेडात."

सुभद्रा उजेडात गेली. कलाबाईनं मान वाकडी करून बघितलं. "नगं. ती मोरपंखी धरा. पदर वाईच खाली घ्या, गळ्यापाशी कशी दिसती बघू. आता पाठमोऱ्या व्हा. मान दिसू द्या."

शेठ खूश. त्याला वाटलं बाई आज दुकान रिकामं करनार. मला मातूर कळलं. ह्या बाईनं ठकूबाईचं ऐकलं व्हतं. कोनाच्या तरी तोंडनं खालच्या गावाला पोचलंच व्हतं. आन ही बाई लुगड्यामागनं लुगडं काढून डाग हुडकत व्हती. गाल झाले, मान झाली, आता कोपरापातुर आली. "ह्याच्या बाह्या कशा दिसतील? हात वर करा बरं."

सुभद्रा देवळातल्या मूर्तीवानी उभी. डोळ्यांत पानी तरारलेलं. मी उठलो.

"कलाबाई, लुगडी दिवसभर हायतच. ठोक दुकानात चुड्याचा चांगला माल दुपारच्या आत उचलतात लोक. सुभद्राला दाखवून आनतो."

"चला," कलाबाई उठली. "मी बी येते. सून माझी, चुडा मला नगं व्हय बघायला?"

आता झाली का पंचाईत! नाय म्हनावं तर संशय. आमी तिघं बाजारपेठेत उतरलो. मी पुढं, मागं दोघी. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. निर्मला.

"मामा, अडलेली बाई घेऊन जिल्ह्याला चाललेय. मला नाय जमायचं. पन दवाखान्यात सिस्टरला सांगून ठिवलंय, तुमी जा."

मी फोन खिशात घातला. पाय तर दवाखान्याकडंच पडत व्हते. काय करावं सुचंना, म्हनून चालत राहिलो.

"अवो कासारभाऊ," मागनं तोफ आली, "बांगडीगल्ली मागं राहिली की! कुठं नेताय आमाला?"

मी थांबलो. जन्मभर बायांस्नी बोलतं करनारा मी, भर बाजारात मुका झालो.

बोलली ती सुभद्रा.

"इहीनबाई, सकाळधरनं तुमी माझा डाग हुडकताय."

कलाबाई गांगरली. "मी? छे गं बाई, लुगडं बघत व्हते."

"डाग हाय." सुभद्राचा आवाज चढला. काकडीवाल्यानं मीठ लावायचा हात तसाच धरला. "पन तोंडावर नाय, गळ्याला नाय, कोपराला नाय. पिशवीच्या तोंडावर हाय. कॅन्सरच्या तपासनीत निघाला. कोड नव्हं. कॅन्सर बी नव्हं. पन तसाच ठिवला तर व्हईल. मी आता दवाखान्यात चालले. सोयरीक मोडायची असंल तर दुकानात बाप्ये बसलेत, त्यास्नी जाऊन सांगा. नाय तर या माझ्यासंगं, डाग दाखवते."

आन पदर खोचून चालू पडली. मी तिच्या मागं. पेठेच्या वळनावर मागं बघितलं. कलाबाई काकडीच्या गाडीपाशीच उभी. मला वाटलं, संपलं. मोनिकाचं तोंड डोळ्यांपुढं आलं.

मंग बघतो तर बाई पदर डोक्यावर घेऊन येतीय. तोफ गप्प.

दवाखान्यात सिस्टरनं नाव इचारलं आन म्हनली, "सोबत कोन?"

"मी. कासार," मी म्हनलं.

"तुमी भायेर बसा बाबा. बाईमानूस कोन नाय का? आत हात धरायला कोनी असलं तर बाईला बरं पडतं."

सुभद्रा म्हनली, "कोन नाय. मी एकटी जाते."

"मी हाय," कलाबाई म्हनली.

आमी दोघांनी मागं बघितलं.

"तुमी कोन यांच्या?"

"इहीन."

"म्हंजी यांच्या मुलीची सासू?"

"अजून व्हायचीय. आज बस्ता हाय."

सिस्टर हसाय लागली. "आया बघितल्या, बहिनी बघितल्या. इहीन घेऊन आलेली बाई पयल्यांदा बघते. या, दोघी या."

दार लागलं. मी बाकड्यावर पेटी मांडीवर घेऊन बसलो. आतनं कायबी ऐकू येत नव्हतं. मंग एकदम कलाबाईचा आवाज, "अवो बाई, हळू! आपली मानूस हाय ती!" आन डाक्टरीनबाई कायतरी समजुतीनं बोलल्याचा. मंग परत गप्प.

आपली मानूस. मी तिथंच ऐकलं, आन लगीन मोडत नाय हे मला तिथं कळलं.

बऱ्याच येळानं दार उघडलं. सुभद्रा चालत आली. जरा फिकी, पन ताठ. डाक्टरीनबाई मागनं सांगत आली, "डाग होता तेवढ्याला शेक दिलाय. कॅन्सर नाही. आता सांगितलेल्या तारखेला परत यायचं, ते चुकवायचं नाही. वेळेवर आलात."

मी हात जोडले. मंग माझं ध्यान कलाबाईच्या हाताकडं गेलं. डाव्या हातातल्या बांगड्या निम्म्या वाढलेल्या, मनगटावर काच लागून रक्ताचा थेंब आलेला.

"सुभद्रे, एवढा घट्ट धरायचा व्हय हात? दुखलं का लय?"

"मी कुठं धरला मामा? मी निवांत पडले व्हते. ह्यांनीच माझा हात पिळला." तिनं स्वतःच्या बोटांवरचे वळ दाखवले.

सवाष्नीनं निम्म्या बांगड्यांवर बस्त्यात कसं जायचं? मी पेटी उघडली. "बसा कलाबाई. भरून देतो." मनगट पुसलं, काचा काढल्या, आन हात धरला.

दगड.

बोटांची मोळी करून पाहिली, गादी दाबून पाहिली. जरा बी हलंना. बांगडी लावली, अडली. काढली, परत लावली.

"हात सैल सोडा," मी म्हनलं. "झालं की सगळं. आता कशाला भ्यायचं?"

कलाबाई भिंतीकडं बघत बसली.

सुभद्रा उभी व्हती. तिनं माझ्या हातातली अडलेली बांगडी बघितली. "चढंना व्हय मामा?"

"नाय."

"माझी बी चढत नव्हती." ती कलाबाईच्या शेजारी बसली. "इहीनबाई, तुमच्या गावात कॅम्प कधी झाला?"

कलाबाईनं मनगटावर पदर ओढला.

"झाला ना?"

"दिवाळीच्या आधी."

"मंग?"

तोफेचा आवाज पार बसला. "मला बी परत बोलावलं व्हतं. मी गेले नाय. पोरासाठी पोरगी बघायचं चाललं व्हतं. सासूला असलं कायतरी निघालंय म्हनल्यावर आमच्या घरात पोरगी कोन दिली असती?"

सुभद्रा तिच्याकडं बघतच राहिली. मंग तिला हसू आलं. दवाखान्यात, शेक घेऊन आलेली बाई, पोट धरून हसाय लागली.

"अगं बया! सकाळधरनं माझ्या कोपरापातुर उजेड पाडला, आन स्वतः झाकून बसलीया!"

कलाबाईचं तोंड पडलं. मंग तिला बी हसू फुटलं, आन हसता हसता ती रडाय लागली. सुभद्रानं पदरानं तिचं तोंड पुसलं. "मी दिली असती पोरगी. उठा."

"आज नगं. बस्ता खोळंबलाय."

"खोळंबू द्या. लुगडी काय पळून जात नाय."

सिस्टरनं परत इचारलं, "आता सोबत कोन?"

"इहीन," सुभद्रा म्हनली, आन दोघी आत गेल्या. बांगडी माझ्या हातात तशीच राहिली.

कलाबाईचा डाग सुभद्रापरास पुढं गेलेला निघाला. तुकडा काढून तपासनीला धाडला. आमी दुकानात परतलो तवा बाप्ये वैतागलेले.

"एवढा येळ? चुडा कुठाय?"

चुडा! आमच्या तिघांच्या बी ध्यानात नव्हतं.

"एक रंग धड पसंत पडंल तर ना," कलाबाईनं तोफ डागली. "तुमी लुगड्यांचं बघा, बांगड्यांत तोंड घालू नका." मंग सुभद्राला म्हनली, "इहीनबाई, ती अबोली घ्या. तुमाला शोभती." ह्या येळी लुगडंच बघून म्हनली.

लगीन झोकात झालं. हळद निघाली न निघाली तोच कलाबाईचं ऑपरेशन झालं, पिशवी काढली. दवाखान्यात तिच्या उशाला सुभद्रा बसलेली. डाक्टर म्हनले, आनखी वर्ष काढलं असतं तर आमच्या हातात काय राहिलं नसतं. आज कलाबाई नातवाच्या मागं काठी घेऊन पळती आन तिची तोफ दोन शिवारं ऐकतात. सुभद्राला परत दाखवायची तारीख आली की ही आदल्या दिवशीच मुक्कामाला येती.

निर्मलानं हे सगळं ऐकलं आन तिनं ते धरून ठिवलं. तवापासनं कुन्या बाईला परत बोलवनं आलं की निर्मला तपासनीचं बोलायच्या आधी इचारती, "तुझी इहीन कोन?" खरी इहीन असायला लागत नाय. जाऊ चालती, शेजारीन चालती, भांडलेली असली तरी चालती. संगं जायचं, आत हात धरायचा, भायेर काय सांगायचं ते दोघींनी मिळून ठरवायचं. आमच्याकडं आता पोरी बी म्हनतात, आई उद्या इहिनीबरोबर चाललीय. काय ते सगळ्यांस्नी कळतं, आन कोनी तोंडाकडं बघत नाय.

मागच्या पंचमीच्या आधी मी ठकूबाईच्या ओट्यावर बसलो व्हतो. तिचा म्हातारा गेल्या वर्षी गेला, पन काकनं ती घालती. मी सांगितलंय, कासार मी हाय, कुनी काय बोललं तर माझ्याकडं धाडा. हात धरला.

दगड.

"ठकूबाई, काय झालंय?"

"काय नाय."

"मला शिकवू नका."

तिनं आजूबाजूला बघितलं. जन्मभर दुसऱ्याचं ऐकनारी बाई, आपलं कुनी ऐकंल म्हनून घाबरलेली. हळूच म्हनली, "मला बोलावलंय मामा, मोठ्या दवाखान्यात. निर्मला इचारती, इहीन कोन. मी म्हनलं, सांगते. काय सांगू? आख्ख्या गावाला इहीन हाय. मला कुठली? खरी इहीन मिळायला आधी पोटाला लेकरू लागतं, आन दुसरी कोन येनार माझ्यासंगं?"

मी बांगडी तशीच धरून बसलो.

भिंतीपलीकडनं आवाज आला, "ठके, उद्या पयली एसटी. ती अबोली लुगड्याची घडी मी तुझ्यासाठी काढून ठिवलीय. जरा चांगली दिस, इहिनीबरोबर चाललीस."

ठकूबाई गर्रकन वळली. भिंतीवर सुभद्राचं मुंडकं.

"चोरून ऐकतीस व्हय गं?"

"तुझ्याकडनंच शिकले. आन येताना आठवन कर, बावचीचं तेल घेऊ."

ठकूबाईनं शिवी दिली. चांगली ठसठशीत. मी बांगडी लावली. गादी मऊ पडली व्हती. बांगडी पान्यावानी वर सरकली.